शब्दचर्चा: सर, तोड, कस, पासंग – ॲनिमेच्या दुसऱ्या पर्वाला कोणतं माप लावायचं?

टाकबोरू

'वन पंच मॅन' या ॲनिमेच्या (जपानी चित्रपट्टीच्या मालिकेच्या) दुसऱ्या सीझनच्या परीक्षणातलं पहिलं वाक्य असं आहे: 'दुसरा सीझन पहिल्याच्या अपेक्षांवर खरा उतरत नाही.' वाक्य कळतं, पण कानाला खटकतं. बदलून 'दुसरा सीझन पहिल्याला पुरून उरत नाही' असं केलं, तर अर्थच हलल्यासारखा वाटतो.

शंका तीन आहेत. या जागी मराठीत खरं क्रियापद कोणतं? 'सीझन'ला पर्व, सत्र, हंगाम, भाग यांतलं काय बसतं? आणि जपानी निर्माते ज्याला 'कूर' म्हणतात, त्याला आपल्याकडे शब्द आहे का?

पागोळी

'अपेक्षांवर खरा उतरणे' ही सरळ हिंदीची रचना आहे, म्हणून खटकते. मराठीत वस्तू कशा'वर' उतरत नाही, कशा'ला' उतरते: कसाला उतरते, कसोटीला उतरते. 'अपेक्षेला उतरला' असं म्हणतात, 'अपेक्षांना पुरा पडला' असंही म्हणतात. विभक्ती बदलली की वाक्य लगेच मराठी होतं.

'पुरून उरणे' इथे नको. समोर कुणीतरी प्रतिपक्ष असावा लागतो, त्याला आपण पुरून उरतो. 'वन पंच मॅन'चा नायक सायतामा एकटा शंभर राक्षसांना पुरून उरतो, हे बरोबर. दुसरं पर्व पहिल्याशी भांडत नसतं.

'कस' या शब्दाकडे जरा थांबून बघा, कारण तुमच्या विषयाला तो फार जवळचा आहे. सराफ काळ्या कसोटीच्या दगडावर सोनं घासतो. दगडावर जी रेघ उमटते तो कस. शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतात आणि दोन रेघांचे रंग ताडून पाहतात. म्हणजे कसाला उतरणं यात ठरलेलं, आधीच पारखलेलं काहीतरी शेजारी असतं. ॲनिमेच्या दुसऱ्या पर्वाशेजारी अशा दोन रेघा असतात: एक पहिल्या पर्वाची, दुसरी मूळ मांगाची, म्हणजे जिच्यावरून ॲनिमे बनतो त्या जपानी चित्रकथेची. परीक्षण लिहिताना आपण कोणत्या रेघेशी ताडतो आहोत हे आधी सांगितलं पाहिजे. बहुतेक भांडणं तिथेच होतात. एकजण मांगा शेजारी ठेवून बोलतो, दुसरा पहिलं पर्व शेजारी ठेवून.

कोनाडा

घरोघरी बोललं जाणारं रूप 'सर' आहे आणि ते कुणी सुचवलं नाही, म्हणून लिहितो. 'पहिल्याची सर दुसऱ्याला नाही.' एवढं वाक्य पुरे आहे.

ही सर स्त्रीलिंगी. मोत्यांचा सर पुल्लिंगी, पावसाची सर स्त्रीलिंगी पण अर्थ निराळा, आणि गड सर करतात तो सर आणखी वेगळा. बरोबरीच्या अर्थाची सर जवळजवळ नेहमी नकारात किंवा प्रश्नात येते: सर नाही, सर येणार नाही, त्याची सर याला कुठून? 'दुसऱ्या पर्वाला पहिल्याची सर आहे' हे व्याकरणाला चालेल, पण असं कुणी बोलत नाही. होकारासाठी 'तोडीचा' किंवा 'तोडीस तोड' घ्यावं.

आणि षष्ठी कुठे लागते ते सांभाळा. ज्याची सर, तो श्रेष्ठ. 'दुसऱ्याची सर पहिल्याला नाही' लिहिलंत तर निकाल उलटा लागेल. घाईत लिहिताना ही चूक फार होते.

रानजाई

'पासंगालाही पुरत नाही' हाही पर्याय आहे, पण जपून. तराजूची दोन रिकामी पारडी समपातळीत नसली, तर हलक्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात. तो पासंग. म्हणजे माल तर सोडाच, पारडी सम करायला बांधलेल्या खड्याइतकंही ज्याचं वजन नाही, ते पासंगाला पुरत नाही. हा शब्द निकालात काढणारा आहे. ज्या पर्वात एक बाजू बिघडली आणि तीन शाबूत राहिल्या, त्याला तो लावणं अन्याय आहे. 'वन पंच मॅन'च्या दुसऱ्या पर्वाला तर मुळीच लावू नये.

खडूफळा

रानजाई यांच्या शेवटच्या वाक्याला धरून पुढे जातो. क्रियापद निवडण्याआधी नेमकं काय घसरलं हे ठरवायला हवं, नाहीतर शब्द कितीही मराठी असला तरी वाक्य पोकळ राहतं.

पहिलं पर्व ऑक्टोबर ते डिसेंबर २०१५, १२ भाग, स्टुडिओ मॅडहाउस, दिग्दर्शक शिंगो नात्सुमे. दुसरं एप्रिल ते जुलै २०१९, पुन्हा १२ भाग, स्टुडिओ जे. सी. स्टाफ, दिग्दर्शक चिकारा साकुराई. मधे सव्वातीन वर्षं गेली. पण काय बदललं नाही तेही बघा. पात्रांचे आराखडे दोन्हीकडे चिकाशी कुबोता यांचे, पटकथेची एकूण बांधणी तोमोहिरो सुझुकी यांची, संगीत माकोतो मियाझाकी यांचं. म्हणजे नकाशा तोच होता, घर बांधणारे गवंडी बदलले. पहिल्या पर्वासाठी नात्सुमे यांच्या ओळखीवर बाहेरचे कितीतरी नावाजलेले चित्रकार मारामारीची दृश्यं काढायला आले होते. अशी माणसं दिग्दर्शकासोबत येतात आणि त्याच्यासोबत जातात, स्टुडिओच्या पाटीला चिकटून राहत नाहीत. म्हणून 'बजेट कमी पडलं' हे परीक्षणातलं नेहमीचं वाक्य सहसा उगाच लिहिलेलं असतं. माणसं आणि वेळ कमी पडली असं म्हणणं वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातं.

आता घसरण कुठे दिसते ते डोळ्यांनी तपासायची रीत. दोन्ही पर्वांतली एकाच जातीची दृश्यं घ्या: पहिल्यातली पाचव्या भागातली सायतामा आणि त्याचा शिष्य जेनोस यांची सराव-लढत, दुसऱ्यातली खलनायक गारोउची कुठलीही हातघाई. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र थांबवून 'ई'चं बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. यूट्यूबवरची अधिकृत चित्रफीत असेल तर थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबा, मागे यायला स्वल्पविराम. सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेलं एक चित्र न बदलता किती फ्रेम टिकतं ते मोजा. दोन फ्रेम टिकलं तर सेकंदाला १२ चित्रं झाली, तीन टिकलं तर ८. जपानी टीव्ही ॲनिमेत तीन-तीन फ्रेमचं काम सर्रास चालतं आणि तो दोष नाही. मारामारीच्या ऐन क्षणी चित्रकार दोन-दोनवर किंवा एकेकावर येतो का, हे बघायचं.

मग फटका बघा. पहिल्या पर्वात हात कुठून निघाला, अंग कसं वळलं, पाय कुठे टेकला, समोरचा कुठे जाऊन आदळला, हे एका सलग जागेत दिसतं. दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी स्थिर चित्र, त्यावर वेगाच्या रेघा, कॅमेऱ्याचा हादरा आणि धूसरपणा यांवर काम भागवलं आहे. गारोउचं कौशल्य त्याच्या हाताच्या वळणात आहे, आणि नेमकं ते वळणच धूसर होतं. नुकसान सगळ्यात जास्त तिथे झालं. जेनोसच्या धातूच्या हातांवर चकाकीचा एक ठरावीक पोत चढवला आहे. तो हाताबरोबर वळत नाही, म्हणून हात चित्राबाहेरून आणून चिकटवल्यासारखा वाटतो. फटक्यांचे आवाजही बदलले, आणि तो बदल कानाला पहिल्याच भागात कळतो.

याउलट कथा? गारोउ हे पात्र पहिल्या पर्वातल्या कुठल्याही खलनायकापेक्षा खोल आहे. राक्षसांची बाजू घेणारा माणूस, आणि लहान मुलाला मात्र हात न लावणारा. तिथे दुसरं पर्व कमी पडत नाही. शेवट मात्र अधांतरी सुटतो. पहिलं पर्व बोरोस या खलनायकाशी झालेल्या लढतीवर नीट संपलं होतं. दुसरं एका अजस्र गोमेच्या वधावर थांबतं आणि गारोउचं काय झालं हे सांगतच नाही. पुढचं पर्व यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

म्हणून तुमचं वाक्य असं काहीसं व्हावं: 'लढतींच्या चित्रणात दुसऱ्याला पहिल्याची सर नाही.' कशात, ते आधी, आणि सर मागून.

पागोळी

'कशात' आधी आणण्याची सूचना अगदी पटली. 'सर' एका गुणापुरती बोलता येते. 'कस' अख्ख्या वस्तूचा लागतो. 'तोड' दोघांना समोरासमोर उभं करते.

रानजाई

उलट बाजूचं उदाहरण देते, म्हणजे शब्दांतला फरक अजून स्पष्ट होईल. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'. पहिलं पर्व जानेवारी २०१९, १२ भाग. दुसरं जानेवारी २०२१, ११ भाग. स्टुडिओ क्लोव्हरवर्क्स तोच, दिग्दर्शक मामोरू कानबे तेच. चित्रं ढासळली अशी तक्रार मुख्य नव्हतीच. बिघडलं ते कथेत.

आकडे मांडून बघा. मांगाची एकूण १८१ प्रकरणं. पहिल्या पर्वाने ३७ घेतली, म्हणजे भागाला साधारण तीन. उरली १४४, आणि दुसऱ्या पर्वाने ११ भागांत गोष्ट संपवूनच टाकली. सगळं घेतलं असतं तर भागाला १३ प्रकरणं आली असती, जे अशक्य आहे. म्हणून गोल्डी पाँडचं अख्खं कथानक गाळलं, युगो हे पात्रच काढून टाकलं, आणि शेवटच्या भागात नायिका एमाचा पुढचा सगळा प्रवास स्थिर चित्रांच्या मालिकेत उरकला. ज्या गोष्टीचा जीव 'पोरं आता कशी सुटणार' या ताणात होता, तिथे सुटकेमागची आखणीच दिसेनाशी झाली.

इथे 'सर नाही' फार सौम्य पडतं. इथे 'कसाला उतरलं नाही' हवं, कारण शेजारची रेघ मांगाची आहे. आणि कथा ज्या रीतीने संपवली त्याला मराठीत नेमका शब्द आहे: गुंडाळली. 'कथा आटोपली' म्हटलं तर ती रीतसर संपवली असाही अर्थ निघतो. 'गुंडाळली'मध्ये पसारा अर्धवट असतानाच चटई उचलल्याचा भाव आहे.

कोनाडा

'गुंडाळली' चपखल. त्याच्या जोडीला 'कात्री लावली' आणि 'गाळलं' यांतला फरकही ठेवा. कात्री लागते तेव्हा प्रसंग राहतो, आखूड होतो. गाळलं की तो नसतोच. गोल्डी पाँड गाळलं.

एक सावधगिरी. 'मागील पानावरून पुढे चालू' हे पुढच्या पर्वासाठी पुष्कळजण लिहितात. वर्तमानपत्रातली ती सूचना म्हणून निरुपद्रवी आहे, पण बोलण्यात तिला 'तेच रटाळ पुन्हा' असा रंग चढला आहे. कथा तिथूनच पुढे सुरू होते एवढंच म्हणायचं असेल तर तेवढंच लिहावं.

टाकबोरू

आणि दुसरं पर्व पहिल्यापेक्षा सरस ठरलं तर? 'वरचढ' चालेल का?

पागोळी

चालेल, पण 'वरचढ'मध्ये कुरघोडीचा वास येतो. मला अशा ठिकाणी 'सवाई' आवडतो. सवाई म्हणजे सव्वापट. 'सवाई गंधर्व' यातला सवाई तोच. एकाला एक तोडीचा, आणि वर पाव भाग जास्त. म्हणजे पहिल्याचा मान राखून दुसऱ्याला मोठं म्हणता येतं. पहिल्याला कमी लेखावं लागत नाही.

खडूफळा

'सवाई'ला उदाहरण तयार आहे: 'मॉब सायको १००'. पहिलं पर्व २०१६, १२ भाग. दुसरं जानेवारी २०१९ पासून, १३ भाग. स्टुडिओ बोन्स, दिग्दर्शक युझुरू ताचिकावा आणि पात्रांचे आराखडे काढणारे योशिमिची कामेदा दोन्हीकडे तेच. म्हणजे गवंडीही तेच राहिले आणि हात आणखी बसला. दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग, मोगामी या दुष्टात्म्याने नायक मॉबला त्याच्याच मनातल्या जगात कोंडलेला, सलग बघा. सुरुवातीला रंग उडालेले, मॉबच्या खांद्यांत पोक, हालचाल जाणूनबुजून कमी. लढत पेटते तशी रेघ सैल होत जाते, घरं-रस्ते अक्षरशः मातीसारखे मळले जातात. तिथे रेघ वाकडी आहे पण चित्र बिघडलेलं नाही. वाकडी रेघ वजन दाखवायला आहे.

हा फरक परीक्षणात नेहमी चुकतो. जपानीत 'साकुगा होकाय' म्हणजे चित्रण कोसळणं. डोळे एका पातळीत नाहीत, हात लहान-मोठे, चेहरा ओळखू न येणारा. आपल्याकडे याला सरसकट 'ॲनिमेशन गंडलं' म्हणतात. गंडलं हा चांगला, जिवंत शब्द आहे, पण तो रेखाटनालाही लागतो, हालचालीलाही, आणि रंग-प्रकाशाच्या मिलाफालाही. 'वन पंच मॅन'च्या दुसऱ्या पर्वात रेखाटन फारसं गंडलेलं नाही, चेहरे बहुतेक जागेवर आहेत. हालचाल आणि मिलाफ गंडला. माझी सूचना: रेखाटन 'बिघडलं', हालचाल 'अडखळली', मिलाफ 'जमला नाही' असे तीन वेगळे शब्द वापरा. वाचकाला लगेच कळतं काय बघायचं ते.

रानजाई

'तोडीस तोड'लाही एक उदाहरण हवंच. 'मुशिशी'. पहिलं पर्व ऑक्टोबर २००५ पासून, २६ भाग. पुढचं एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालं. मधे आठ वर्षं, तरी दिग्दर्शक हिरोशी नागाहामा तेच, स्टुडिओ आर्टलँड तोच. मुख्य पात्र गिंको डोंगरवाटेने येतो, एका घरचं दुखणं बघतो आणि निघून जातो. चाल तीच, शांतता तीच. दोन्ही पर्वांतले भाग सरमिसळ करून दाखवले तर कुठला कधीचा हे कथेवरून सांगता येणार नाही. त्याहून वर नाही, खालीही नाही. याला तोडीस तोड म्हणायचं.

शिवाय त्या पुढच्या पर्वाचं जपानी नाव 'झोकु-शो' आहे, म्हणजे पुढे चालू असलेलं प्रकरण. तेव्हा 'सीझन'च्या प्रश्नाकडे येऊ.

कोनाडा

हो, तो राहिलाच होता.

'भाग' नको. मराठीत भाग म्हणजे एपिसोडही आणि पार्टही. 'दुसऱ्या भागात गारोउ येतो' म्हटलं तर वाचक दुसऱ्या आठवड्याचा एपिसोड बघेल. भाग एपिसोडसाठी राखून ठेवावा. 'सत्र' शाळा-परीक्षांचं वाटतं.

'पर्व' मात्र पक्कं बसतं. महाभारताची १८ पर्वं आहेत, प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःची गाठ-उकल आहे, आणि तरी ती एका कथेची आहेत. मराठी वाहिन्यांवर 'पर्व दुसरे' आधीच रूढ आहे. 'उत्तरार्ध' वापरताना अर्थ सांभाळा. एकाच गोष्टीचे दोन अर्धे असतील तरच उत्तरार्ध. शिवाय पुढचं पर्व म्हणजे नेहमी पुढची कथा असंही नाही. 'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व आधीची कथा सांगत होतं. त्यामुळे सीक्वलला उत्तरकथा आणि प्रीक्वलला पूर्वकथा, हे पर्वाच्या क्रमांकापासून वेगळं ठेवा.

'हंगाम' टाकून देऊ नका, त्याला दुसरं काम आहे. जपानात वर्षाचे चार प्रसारण-हंगाम असतात: जानेवारीत हिवाळी, एप्रिलमध्ये वसंताचा, जुलैमध्ये उन्हाळी, ऑक्टोबरमध्ये शरदाचा. इंग्रजीतला एकच 'सीझन' शब्द दोन्हीकडे वापरला जातो आणि गोंधळ होतो. जपानी लोकही वेगळे शब्द वापरतात: कथेच्या टप्प्याला 'की', प्रसारणाला ऋतूचं नाव. मराठीत आपसूक जमतं: 'वन पंच मॅन'चं दुसरं पर्व २०१९च्या वसंत हंगामात आलं.

खडूफळा

'कूर'चं उत्तरही तिथेच आहे. प्रसारणाच्या त्या तीन महिन्यांनाच 'कूर' म्हणतात. जपानी उच्चार 'कूरु'. आठवडे १२-१३, त्यामुळे भाग साधारण १० ते १३. आपल्याकडे कंपन्यांचे हिशेब, बँका, सरकारी अहवाल सगळीकडे 'तिमाही' चालतोच. तोच घ्या. एका तिमाहीचं पर्व, दोन तिमाहींचं पर्व.

आणि 'उत्तरार्ध'ला इथे खरी जागा मिळते. 'स्पाय × फॅमिली'चं पहिलं पर्व दोन तिमाहींत तोडून दाखवलं: एप्रिल २०२२ पासून १२ भाग, मग एक तिमाही विश्रांती, ऑक्टोबरपासून १३ भाग. ऑक्टोबरचे १३ भाग हे दुसरं पर्व नव्हे, तो पहिल्या पर्वाचा उत्तरार्ध. दुसरं पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. 'अटॅक ऑन टायटन'चं शेवटचं पर्व तर डिसेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२३ असं तुकड्यातुकड्यांनी आलं. त्याला पाचवं, सहावं पर्व म्हणणारी परीक्षणं चुकीची आहेत. पर्व चौथंच, टप्पे अनेक.

तुलना करतानाही याचा उपयोग होतो. विश्रांतीची तिमाही घेतलेल्या उत्तरार्धाला चित्रकारांना तीन महिने जास्त मिळतात. सलग दोन तिमाही चालणाऱ्या पर्वात मध्यापासून काम अंगावर येतं आणि मग मागच्या दृश्यांचं संकलन असलेला एखादा भाग मधे घातला जातो. तो दिसला की समजावं, वेळापत्रक ताणलं गेलं आहे.

टाकबोरू

सगळ्यांचे आभार. सुधारलेला परिच्छेद असा:

'वन पंच मॅनचं दुसरं पर्व २०१९च्या वसंत हंगामात एका तिमाहीत आलं. लढतींच्या चित्रणात त्याला पहिल्याची सर नाही: हालचाल अडखळते, मिलाफ जमत नाही, आणि गारोउच्या हाताचं वळण धूसर होतं. कथेत मात्र ते पहिल्याच्या तोडीचं आहे. शेवट गुंडाळलेला नाही, अधांतरी सोडलेला आहे.'

पागोळी

छान झालाय. फक्त 'तोडीचं आहे' नंतर गारोउचं नाव एकदा यायला हवं. ते तोडीचं का, हे त्याच्यामुळेच कळतं. आणि 'अधांतरी सोडलेला'मध्ये दोष दिग्दर्शकावर जातो. मांगाची गोष्टच तेव्हा गारोउच्या कथानकाच्या मध्यावर होती, म्हणून 'अधांतरी राहतो' करा.